डीटरकाकांचं शुद्धिपत्र

बायकोचा, मेधाचा, फोन आला तेव्हा मी मॉरिसव्हिलच्या देशी दुकानात वांगी निवडत होतो. "डीटरकाका गेले," एवढंच ती म्हणाली. माझ्या हातून वांगी अशी सुटली की अर्ध्या दुकानात गडगडत गेली... बायका ट्रॉल्या सोडून पळाल्या. त्याला आता पाच आठवडे झाले.

डीटरकाका आमचे शेजारी. जन्माने जर्मन, इथल्या कॉलेजात उभा जन्म ग्रीक शिकवून निवृत्त झालेले. आयुष्यात त्यांनी एकच ग्रंथ लिहिला, एका प्राचीन ग्रीक नाटकावर. इतका वजनदार की टेबलावर ठेवला की टेबल वाकून नमस्कार करायचं. आणि छापून आल्या दिवसापासून हा गृहस्थ त्यातल्या स्वतःच्याच चुका शोधत होता. शुद्धिपत्र मूळ ग्रंथाहून जाड झालंय, असं मी गावभर सांगत सुटायचो. काका शांतपणे म्हणायचे, "एकशे सहा पानं. मोजून."

एक चूक मात्र शुद्धिपत्राच्या फाइलीत उतरत नव्हती. नाटकातल्या चार ओळी राजाच्या नाहीत, दासीच्या आहेत, असं त्यांची विद्यार्थिनी रूथ एकदा म्हणाली होती. काकांनी भर वर्गात तिची सालं काढली. तिनं ग्रीकच सोडलं. म्हातारपणी काकांना उमगलं, ओळी दासीच्याच. आधी तिला सांगायचं, मगच लिहायचं, असं त्यांनी ठरवलं... आणि वर्षभर फोनकडे नुसते बघत बसले.

शेवटी मीच त्यांना गाडीत घातलं. रूथची अल्फारेटाला रोपांची नर्सरी आहे. सहा तासांचा ड्राइव्ह, माझ्या कंबरेच्या मते साठ. काका वाटभर खिडकीला माफी ऐकवत होते, तीही जर्मनमध्ये. परतेपर्यंत काच जर्मन बोलायला लागते की काय, अशी मला भीती! पण मातीनं भरलेल्या हातांनी रूथ समोर आली आणि यांनी नुसता 'ओळी दासीच्याच' असं लिहिलेला कागद पुढे केला. तिनं हात पुसले, वाचलं... पुन्हा वाचलं. आता कुंडी अंगावर येते, म्हणून मी दोन पावलं मागे सरलो.

"प्रोफेसर," ती म्हणाली, "ग्रंथात पुढच्या पानावरही एक चूक आहे."

काकांनी पेन्सिल काढली आणि तिथंच खताच्या पोत्यावर बसले. तेव्हापासून दर रविवारी दोघांचा फोन, फाइल मधे उघडी.

काका गेल्याचं रूथला मीच कळवलं. तिनं एवढंच विचारलं, शेवटची नोंद कुठली? काकांची किल्ली आमच्याकडेच असायची. फोन कानाला लावून त्यांच्या खोलीत गेलो. फाइल उघडीच होती, पण नोंद ग्रीकमध्ये, आणि मला ग्रीक म्हणजे मुंग्यांची रांग. मग मी एकेक अक्षराचं वर्णन करू लागलो. हा मासा. हे चिकटलेले दोन कप. हा पुन्हा मासा...

"तिथं मासा असणं शक्य नाही," रूथ म्हणाली. तिचा आवाज भिजलेला होता. "नीट बघ."

मी चष्मा पुसला, काकांच्या खुर्चीत बसलो, आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली.