तुरटी फिरवलेलं पाणी

नागपुरात कोणी म्हणालं, "काय बाई ऊन हे!" की शामलाबाई पटकन म्हणायच्या, "आता तिकडे भरती चढत असेल." कुठं तिकडे, कसली भरती? समोरचा माणूस तोंडाकडे पाहत राहायचा. प्रताप नगरात संसार, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची नोकरी, आणि बाईंचा जीव टांगलेला कुठं, तर कोकणातल्या एका खाडीत. आता बोला!

ही ओढ लागली एकाहत्तरच्या उन्हाळ्यात. शामला तेव्हा एम.एस्सी. करत होती. विद्यार्थ्यांना सुट्टीत खाडीवर नेऊन संशोधनाचं काम शिकवायचं, अशी एक योजना निघाली आणि तिची निवड झाली. वडील वामनराव नरखेडकडचे संत्र्याचे बागाईतदार. त्यांनी मोठं पाणी पाहिलं ते विहिरीचं. ते म्हणाले, "खाऱ्या पाण्याचं काय शिकशील वं? ते ना प्याले, ना वावराले." म्हणाले खरं, पण स्टेशनवर पोचवायला स्वतःच आले. खिडकीतून तिच्या हाती तिखट पुऱ्यांचा डबा दिला आणि वर तुरटीचा एक खडा. परमुलखातलं पाणी पोरीच्या पोटाला बाधू नये म्हणून.

नदी म्हणजे पुढंच वाहायची, एवढंच शामलाला ठाऊक. इथं भरतीला समुद्र उलटा नदीत शिरायचा! पहिल्या दिवशी ते पाहून ती "अगं माय!" म्हणत काठावर मटकन बसलीच. काम शिकवणारे मयेकर सर पोट धरून हसले. मग रोजचंच झालं. होडीतून खाडीत पाण्याची उंची मोजायला रोवलेल्या खांबापाशी जायचं, बरण्यांत पाणी भरायचं, त्यात मीठ किती, गाळ किती ते तपासायचं. त्या गाळावरच सगळी खाडी पोसते, हे सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. गुडघाभर चिखलात रुतून पोरीचे पाय सोलवटले, चेहरा रापून काळा झाला, पण इतकी सुखी ती आधी कधी नव्हती आणि खरं सांगायचं तर नंतरही झाली नाही.

सगळ्यांचे डोळे लागले होते ते वैशाख पौर्णिमेनंतरच्या उधाणाकडे. उन्हाळ्यातलं सगळ्यांत मोठं पाणी ते, आणि खांबापाशी ते भरायचं काम सरांनी शामलावर सोपवलं. तिनं भरलं. दमून भागून खोलीवर आली, बरण्या ओळीनं मांडल्या. पाणी कसलं, नुसती माती कालवलेली! सकाळी सर येणार, आणि आल्या माणसापुढं असलं गढूळ पाणी ठेवायचं? हात आपसूक ट्रंकेत गेला. बापाचा खडा निघाला आणि बरणीबरणीतून फिरला.

गाळ मोजायला आलेली एम.एस्सी.ची पोर, तिनं गाळच बसवून टाकला! हसू नका. डोकं कॉलेजात शिकतं, हात घरीच शिकलेले असतात.

सकाळी नितळ पाणी पाहिलं आणि आपण काय करून बसलो ते तिला कळलं. बरण्या हलवून काही फायदा नव्हता. "हा आता खाडीचा गाळ राहिला नाही, तुझ्या तुरटीचा झाला," सर म्हणाले. ती हमसून हमसून रडायला लागली, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, उधाण काय, दरवर्षी येतं. पुढच्या वैशाखात ये आणि हेच पाणी पुन्हा भर. ही जागा तुझी."

पुढच्या वैशाखात शामलाचं लग्न निघालं. तिथी कोणती? पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची! मुलगा रुपराव मोठा सज्जन, घर चांगलं. वामनराव तर आनंदानं नुसते नाचायचे बाकी होते. त्यांच्यापुढं खाडीचं नाव काढायला शामलाची जीभ उचलली नाही. अंतरपाटामागं उभी असताना ती मनात म्हणत होती, आता पाणी खांबाला लागलं असेल. मग मुलं झाली, नोकरी लागली, सासूबाईंचे गुडघे धरले. दर वैशाखात बाई मनाशी म्हणायच्या, पुढच्या वर्षी नक्की.

चौऱ्याऐंशी साली त्यांच्या सुमती नावाच्या विद्यार्थिनीची त्याच कामासाठी निवड झाली. बाईंनी तिच्याकडं एकच मागणं केलं, "उधाणाचं पाणी आण गं. एक बाटली. जसं असेल तसं." पोर गुणाची, आठवणीनं घेऊन आली. बाईंनी बाटली ओट्यावर ठेवली, तिच्याकडं डोळे भरून पाहिलं आणि कॉलेजला गेल्या.

संध्याकाळी येऊन पाहतात तो सासूबाई, सत्यवतीबाई, हातात गिलास घेऊन उभ्या. पाणी कसं लख्ख!

"अवं, किती गढूळ पाणी ठेवलं होतं तू. मी तुरटी फिरवली, गाळून घेतलं. आता पाह्य, कसं काचावानी दिसून राहिलं!"

शामलाबाईंना आधी हसू फुटलं. हसता हसता त्या खालीच बसल्या आणि रडायला लागल्या. सासूबाई घाबरल्या. मग बाईंनी खाडी, बरण्या, बापाचा खडा, सरांचा शब्द, सगळं पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

सत्यवतीबाईंनी गिलासात बोट बुडवून जिभेला लावलं. "अवं माय, हे तं खारटच हाये अजून."

"तुरटीनं मीठ जात नाही, आत्याबाई."

म्हातारीनं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "मंग इतके वर्स बोलली काहून नाही वं? कोनं धरून ठेवलं होतं तुले?"

बाईंनी उत्तर शोधलं. वडील? ते कुरकुरले असते आणि पुन्हा डबा घेऊन स्टेशनवर आले असते. रुपराव? त्यांनी त्याच दिवशी तिकीट काढून आणलं असतं. सासूबाई तर समोरच उभ्या होत्या, गिलास धरून, तोंड कसनुसं करून. कोणीच धरलं नव्हतं.