ग्लाफिरा बाईंची छडी

ग्लाफिरा स्तेपानोव्ना मारत असे, आणि मारते हे लपवतही नसे. रशियात उराल पर्वतातल्या मेद्यान्का गावी तांबं वितळवायचा कारखाना होता. कारखान्याच्या सांस्कृतिक भवनात, दुसऱ्या मजल्यावर, तीस वर्षं ती कामगारांच्या पोरींना बॅले शिकवत होती. हातात बर्चची छडी. गुडघा सैल पडला की पोटरीवर, खांदा चढला की खांद्यावर. जिचे मांडीचे सांधे उघडत नसत तिला ती पालथी पाडायची, बेडकासारखे पाय फाकवायची आणि स्वतः तिच्या कमरेवर बसायची. पोरींच्या आया दाराबाहेर विणत बसलेल्या असत. आतून किंकाळी आली की एखादी विचारायची, आज कुणाची पाळी? सुया काही थांबत नसत.

बाई दुष्ट होती असं म्हणणं सोपं आहे. पण युद्धात लेनिनग्राडहून आलेल्या एका नर्तकीनं तिलाही असंच बडवलं होतं, आणि त्या माराच्या जोरावर भट्टीवाल्याची ही पोर प्रांताच्या नाट्यगृहात मागच्या रांगेत नऊ वर्षं नाचली. मग गुडघा गेला आणि ती गावी परतली. मला मारलं नसतं तर मीही भट्टीवरच असते, असं ती सांगे. तिचा त्यावर पक्का विश्वास होता. एकच सल होता. तीस वर्षांत तिची एकही पोरगी प्रांताच्या मोठ्या बॅले शाळेत घेतली गेली नव्हती. दर ऑगस्टला ती एकदोघींना परीक्षेला न्यायची आणि तोंड पाडून परत आणायची.

मग नेल्या बायेवा आली. दहा वर्षांची, काडीसारखी, पाय सहज कानापर्यंत जायचा. सगळ्यांत जास्त मार तिनंच खाल्ला, कारण सगळ्यांत जास्त आशा तिच्यावरच होती. तिचा बाप तेरेंती भट्टीवर कामाला. बायको गेलेली. हात फावड्याएवढे, पण कोंबडी कापायची तर शेजाऱ्याला बोलवायचा, आणि त्यावरून अख्खी चाळ त्याची टर उडवायची. नेल्या घरातही जाड लोकरी मोजे घालून फिरे. नाचणाऱ्याचे पाय गरम ठेवावे लागतात, असं तिनं बापाला पटवलं होतं. ते खरंही होतं, म्हणून त्या भोळ्यानं मोज्याखाली कधी पाहिलंच नाही.

मोठ्या शाळेत पोरींना नुसत्या चड्डीवर परीक्षकांपुढे उभं करतात. हाडं चाचपतात, पाय उचलून बघतात. त्या ऑगस्टला नेल्या उभी राहिली, तिच्या पोटऱ्या हिरव्या, पिवळ्या, निळ्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणी मारलं? नेल्यानं काय उत्तर दिलं ते ग्लाफिराला परतीच्या गाडीत कळलं. यादीत नाव लागलं होतं, आणि पोरगी उकडलेलं अंडं सोलत सहज बोलून गेली.

"मी सांगितलं, बाबांनी."

"बाबांनी? का गं?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्हाला काढून टाकलं असतं. बाबांना कोण काढणार?"

असल्या घरी मूल ठेवूच नये म्हणून वसतिगृहातली खाटही लगेच मिळाली होती. ग्लाफिरा मूग गिळून बसली. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला आनंदच झाला होता. तीस वर्षांनी एक पोरगी लागली होती.

आठवड्याभरात कारखान्यात शाळेचं पत्र आलं. कामगारांच्या सभेपुढे, म्हणजे सोबत्यांच्याच न्यायसभेपुढे, तेरेंतीला उभं केलं. आदल्या दिवशी नेल्यानं रडत रडत त्याला सगळं सांगून टाकलं होतं, आणि त्यानं तिलाच दटावलं होतं की तोंड उघडशील तर खबरदार. सभेत विचारलं, पोरीला मारतोस? तो म्हणाला, मारतो. फाटकापाशी लाजेच्या फळ्यावर त्याचा फोटो लागला. त्याच संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत चौघांनी त्याला घेरलं. लहान पोरीवर हात टाकतोस काय, म्हणून बुटांनी तुडवला. दोन फासळ्या मोडल्या, ओठ फाटला. एवढ्या मोठ्या हातांचा माणूस, त्यानं एक हात वर केला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. खरी चोर त्या वेळी घरी बसून चहात मुरंबा घालत होती, आणि चोर आपणच हे तिला चांगलं माहीत होतं.

एक सप्टेंबरला नेल्याला शाळेत पोचवून तेरेंती परतला आणि तडक दुसऱ्या मजल्यावर आला. तालीम चालू होती. पियानो थांबला. त्यानं टोपी काढली.

"ग्लाफिरा स्तेपानोव्ना, मी गुन्हा कबूल केलाय. मी काय केलं ते मला कळू द्या."

त्यानं विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि भिंतीलगतच्या दांड्याला पोरींसारखं धरून उभा राहिला. "मारा. तिला मारायचात तसं."

आत्ताच्या आत्ता कारखान्यात जाऊन खरं सांगते, असं ग्लाफिरा म्हणाली.

"सांगा की. म्हणजे पोरगी खोटारडी ठरून परत येईल. माझ्या फासळ्या फुकट जातील."

तिनं छडी नुसती हलकेच लावल्यासारखी केली.

"चेष्टा करू नका, बाई. दहा वर्षांच्या पोरीला झेपलं ते मला झेपेल."

मग तिनं मारलं. चौथ्या फटक्याला कातडं फुटलं, सातव्याला रक्त टाचेपर्यंत आलं. त्यानं दांडा सोडला नाही.

"हे रोज?"

"रोज."

"आणि रडली तर?"

ग्लाफिरा खोटं बोलू शकली असती. "रडली तर जास्त," ती म्हणाली.

तेव्हा तेरेंतीचा चेहरा मोडला. दांड्यावर कपाळ टेकून तो हमसून रडू लागला. आणि ग्लाफिराचा हात, तिनं न सांगता, वर गेला आणि सगळ्यांत जोराचा फटका त्या रडणाऱ्या माणसाच्या पोटरीवर बसला. छडी मोडली.

त्यानं विजार खाली केली, टोपी घातली. "कळलं," एवढंच म्हणाला आणि लंगडत जिना उतरला.

ग्लाफिरा हातातला तुकडा घेऊन वळली. दांड्याला नऊ पोरी उभ्या होत्या. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी अठराच्या अठरा गुडघे ताणून सरळ झाले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्यांच्याकडे बघवेना.