भोंग्यावरची मटकी

मिल चालू होती तोवर द्वारकाबाईंच्या मटकीला मोडसुद्धा भोंग्यावर येत. हसू नका, इंदूरच्या त्या मिल-चाळीत सगळ्याच बायकांचा संसार भोंग्यावर चाले. रात्रीच्या भोंग्याला मटकी भिजत घालायची. सकाळच्या भोंग्याला उपसून, धुऊन, स्वच्छ फडक्यात बांधायची. दुपारी तीनच्या भोंग्याला फडकं सोडायचं, मटकी चांगल्या पाण्याने धुवायची, निथळून पुन्हा बांधायची. घड्याळाकडे बघतं कोण!

ब्याण्णव साली मिलला कुलूप लागलं. नवरा शरदचंद्र, हजेरीचा कारकून, सुरतेला एका कारखान्यात लागला आणि घरातलं एकुलतं गजराचं घड्याळ घेऊन गेला. मूलबाळ नव्हतं. मागे द्वारकाबाई आणि खायला उठणारं घर.

दहा महिन्यांनी, भर एप्रिलात, गुरुवारी कार्ड आलं. 'रविवारी सकाळी येतो. संध्याकाळच्या बसने परत. मटकीची उसळ कर.'

बाईंच्या अंगात वारं शिरलं. रात्री मटकी भिजवली, शुक्रवारी सकाळी फडक्यात बांधून डब्यात ठेवली आणि घर झाडायला घेतलं. गाद्या उन्हात घातल्या, चादरी धुतल्या. कान मात्र जुन्या सवयीने भोंग्याची वाट बघत राहिले. तो वाजला नाही, आणि मटकी धुवायची राहिली ती राहिलीच. शनिवारी संध्याकाळी डबा उघडला तर मटकी बुळबुळीत, वर आंबूस वास. बाई डबा घेऊन मोरीकडे निघाल्या.

शेजारची शांता डोकावली. "फेकता कशाला भाभी? निंबू पिळा, मिरची तेज करा. शरदभियाला क्या पता चलणार!"

"वर्षाकाठी एकदा जेवायला येतोय माणूस," बाई म्हणाल्या, "आणि त्याचं पोट बिघडवू?"

सगळी मटकी टाकून दिली. फडकं उकळत्या पाण्यात घातलं, डबा घासला, रात्री नवी मटकी भिजवली. पण मोडांना घाई करता येत नाही. रविवारी दुपारी मटकी नुसती फुगलेली होती. पानात साधं वरण पडलं.

"उसळ नाही?" शरदचंद्रांनी विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. मग लग्नानंतर कधी मागितलं नव्हतं ते मागितलं. "उद्या मोड येतील. एक दिवस थांबा ना."

"सोमवारी ड्यूटी आहे गं. छुट्टी नाही देत ते लोक."

संध्याकाळी पिशवी उचलून ते दारात घुटमळले. "उसळीचं मनाला लावून घेऊ नकोस. तिकडे खानावळीत हप्त्यातून तीनदा असते, वीट आलाय. तुला दोन दिवस काही काम राहावं म्हणून लिहिलं होतं. नाहीतर नुसती दाराकडे बघत बसली असतीस."

बाईंना राग आला. रडूही आलं. खोटं कशाला बोला, त्या तीन दिवसांत त्यांना एकदाही एकटं वाटलं नव्हतं.

"पुढच्या खेपेला," पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आठ दिवस आधी कळवा."