कर्नलने काढलेल्या मशिनी

“मंग मिरच्या पाट्यावर वाटू का मी? घरात मिक्सर असून?” रविताने भांडं ओट्यावर आदळलं.

“जरा थांब ना,” समोरच्या खोलीतून योगराज म्हणाला. “मशिनीवर नवीन सॉफ्टवेअर चढवून राहिलो. मधात मिक्सरनं फ्यूज उडला तं सारं पहिल्यापासून.”

“काल बी हेच म्हणलं तुमी. लग्न माझ्याशी केलं का त्या डब्यांशी?”

“तुझ्याशी आधी झालं.”

स्वयंपाकघरात कोणी हसलं नाही.

त्या डब्यांना दवनीवाड्यात एके काळी मान होता. १९९९ साली नागपूरच्या एका ऑफिसच्या लिलावातून योगराजने ते कॉम्प्युटर आणले, तेव्हा लोक चपला बाहेर काढून बघायला आले होते. तेव्हाही ते जुनेच होते, ३८६ जातीच्या चिपचे. कॉम्प्युटर चालवायची विकतची प्रणाली त्यांना झेपेना, म्हणून त्याने फुकट मिळणारं लिनक्स घातलं आणि टायपिंगचा क्लास काढला. गावातल्या कितीतरी पोरींची बोटं त्या कळांवर वळली. मशीन बिघडली की तो तिची धूळ पुसायचा, दुसरीचा भाग हिला लावायचा, आणि ती चालू झाली की गरम चहा मागायचा.

आता २०१३ उजाडलं होतं. क्लासला दोनच पोरी उरल्या होत्या आणि त्याही माऊस कधी शिकवणार म्हणून विचारत. गोंदियाच्या मित्राकडून योगराजने नवं लिनक्स आणलं होतं. हे चाललं तर क्लास उभा राहील, नाही तर संपला, हे त्याला ठाऊक होतं.

पडद्यावर एकच ओळ आली. याला निदान ४८६ चिप लागते, तुमच्याकडे ३८६ आहे. त्याने मित्राला फोन लावला. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“का झालं?” रविताने विचारलं.

“कर्नलमधून आपल्या मशिनी काढून टाकल्या.”

पडवीतल्या खाटेवरून सुलोचनाबाईंनी, त्याच्या आईने, मान उचलली. “कोन कर्नल? आपल्या बकारामचा जावई मिलिट्रीत आहे ना. त्याच्या ओळखीनं भेटून ये. हात जोड.”

भाताच्या कोठीवर वही टेकवून दहावीचा अभ्यास करणारी त्याची मुलगी नीतू खुदकन हसली. “आजी, तो माणूस नाही. लिनक्सचा आतला गाभा आहे, त्याला कर्नल म्हणतात.”

“मंग गाभ्यानं कायले काढलं? मशिनीचं का चुकलं?”

“काही नाही चुकलं, माय,” योगराज म्हणाला. “जगभरची माणसं मिळून ते लिहितात. काही बी नवीन कराचं म्हणलं का या जुन्यासाठी वेगळी सोय ठेवा लागे. साऱ्यांचंच काम अडून राहे. किती वर्षं त्यायनं सांभाळलं, आता नाही म्हणाले.”

“शहाणी माणसं दिसतात,” रविता म्हणाली आणि पाटा ओढून खाली बसली.

योगराज तिथेच उभा राहिला. पडवीत थंडी वाऱ्यासकट येत होती. आईच्या खाटेभोवती त्यानेच प्लास्टिक बांधून दिलं होतं, कारण खोलीत मशिनींना जागा लागायची. नीतूची वही कोठीवरून घसरली, तिने ती न बघताच पुन्हा टेकवली. सवयीने.

तो खोलीत गेला. जुनं लिनक्स अजून चाललं असतं. त्याच्या फ्लॉप्या खणात होत्या. त्याने खण उघडला, फ्लॉप्यांवर हात ठेवला. मग खण लावला, आणि एकेका मशीनचं बटण बंद केलं. शेवटच्या मशीनचा पंखा घरघरत थांबेपर्यंत तो तिच्यावर तळवा ठेवून उभा होता.

बाहेर आला तेव्हा सुलोचनाबाई अजून तिथेच अडकल्या होत्या. “मंग, मानते का तो कर्नल?”

“नाही. उद्या खोली खाली करतो. माय, तुझी खाट आत येईल. नीतू टेबलावर अभ्यास करंल. क्लास बंद.” मग तो रविताकडे वळला. “तू मिक्सर लाव.”