अ‍ॅव्रोची शिट्टी

मंडळी, अ‍ॅव्रो विमानाच्या इतिहासावर सकाळी टाकलेल्या पोस्टमधलं एक वाक्य मी आत्ता काढून टाकलंय. का, ते सांगतो.

साठच्या दशकापासून कानपूरला बनलेलं हे दोन पंख्यांचं टर्बोप्रॉप विमान. त्याच्या इंजिनाच्या तीक्ष्ण शिट्टीला मी 'गोड' म्हटलं होतं.

आमच्या सोसायटीतले शिवाप्पाकाका मूळचे मैंदर्गीचे. मुंबई विमानतळावर ते अ‍ॅव्रोच्या चाकांना ठोकळे लावायचे. दुपारी हौसेनं त्यांच्याकडे गेलो आणि मोबाइलवर व्हिडिओ लावला. आवाज पूर्ण मोठा केला. पंखे फिरले, शिट्टी घरभर घुमली.

"आवाज बंद केलायस व्हय?" काकांनी विचारलं.

मी काकूंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "ह्याच आवाजानं त्यांचे कान गेले की. तवा कानाला कोन काय लावत हुतं? आता नात बोलती ते बी नीट कळत न्हाय. सांगायची लाज वाटती त्यांना."

कित्येक वर्षं जिन्यात मी मागून "काका, नमस्कार" म्हणायचो आणि ते न बघता पुढं जायचे. लई शिष्ट माणूस, असं समजून मीच त्यांचं 'हवेतले साहेब' असं नाव पाडलं. आता सगळी सोसायटी तसंच म्हणते. त्यांच्यासमोरही, कारण ते काही बोलत नाहीत.

निघताना काका म्हणाले, "परत एकदा लाव की. पंखा तरी बघतो."

पोस्टमधलं वाक्य खोडता आलं. पाडलेलं नाव कसं परत घेतात, कुणी सांगाल का?