अप्पांशी मी तमिळ बोललो

उशिराबद्दल सगळ्यांनी माफ करा... आणि कमळा, तू तर नक्कीच. आपल्या तंजावरकडच्यांच्या या ग्रुपवर अप्पांच्या फोटोखाली तू विचारलं होतंस, "अण्णा, अप्पा तुझ्या दुकानात कधी आले होते का रे?" दोन महिने झाले. रोज लिहायला बसतो आणि पुसून टाकतो... आठवीपर्यंत शिकलेला माणूस, त्यात बोटं थरथरतात. पण खरं कारण ते नाही.

कमळा माझी धाकटी बहीण. आमचे अप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. साठ-बासष्ट सालच्या सुमारास मी शहरात, एग्मोर भागातल्या रेकॉर्डच्या दुकानात सेल्समन म्हणून लागलो. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट... मला वाटायचं, मी साहेबच झालो.

तेव्हा अमेरिकेहून एक छोटी रेकॉर्ड आली, एका बाजूला एकच गाणं. गिटार वाजवत एक माणूस गिरणीतल्या कामगारांचं कौतुक गायचा... तेलकट हात, कोपरावर फाटलेला सदरा आणि ताठ मान. मला इंग्रजी कुठलं! मालकांनी अर्थ सांगितला, तो मी पाठ केला आणि गिऱ्हाइकांना ऐकवू लागलो. "कष्टकऱ्यांचं गाणं आहे, सार. डोळ्यांत पाणी येतं." खूप खपली ती रेकॉर्ड.

घरी मीच फुशारकी मारली. "अप्पा, तिकडे तुमच्यासारख्यांवर गाणं केलंय!" अप्पा हसले. "आमच्यावर? वेडा आहे का कोण तो?" पण शनिवारी वर्कशॉप दुपारी सुटायचं, तेव्हा ते सरळ दुकानात आले.

दुकानात कुठे डाग लागू नयेत म्हणून हात रॉकेलने घासून आले होते. खाकी कपडे मात्र तेच, तेलाने काळे झालेले... काउंटरपाशी अड्यारच्या बंगल्यांतल्या एक बाई नेमकं तेच गाणं ऐकत होत्या. त्यांनी रुमाल नाकाला लावला. अप्पांनी आपल्या मराठीत मला विचारलं, "हेच का रे ते?"

आपल्या तंजावरकडच्या घरांत मराठी घरच्यांशी आणि तमिळ बाहेरच्यांशी, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मी अप्पांकडे बघितलं आणि म्हणालो, "एन्न वेणुम?" काय पाहिजे... दारात आलेल्या कुणालाही विचारावं तसं.

अप्पाही तमिळमध्येच म्हणाले, "ओण्णुम इल्लै, सार." काही नाही, साहेब... आणि निघून गेले. मी हाकसुद्धा मारली नाही. बाईंनी रेकॉर्ड घेतली, मी ती नीट कागदात बांधून दिली.

संध्याकाळी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी गेलो. पोचलो तर कमळा, तू त्यांच्या मागे लागली होतीस, "कसं होतं गाणं? मला कधी नेणार?" अप्पा म्हणाले, "मी गेलोच नाही गं. असल्या गाण्यांतलं मला काय कळतं!" मग माझ्याकडे वळून, आपल्या मराठीत, रोजच्यासारखं... "दमलास का रे? हात धू, जेवायला बस."

ओरडले असते तर बरं झालं असतं... ते ओरडले नाहीत आणि मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, करत करत अप्पाच गेले. तू त्यांना आयुष्यभर चिडवलंस, अप्पांना संगीतातलं काही कळत नाही म्हणून. ते हसायचे. तुझ्याबरोबर मीही हसायचो.

हे तुला एकटीला फोनवर सांगता आलं असतं. पण केलं ते चारचौघांत, म्हणून इथेच लिहितोय... कमळा, अप्पा आले होते. फार हौसेने आले होते. अर्धं गाणं ऐकून गेले, माझ्यामुळे.

तू काय म्हणशील, याचाच विचार कालपासून करतोय. रागव, वाटेल ते बोल... पण गप्प राहू नकोस, बाई. वाचलंस की दोन ओळी लगेच लिही.