वायफायची पाळी

आमच्या गल्लीत सहा घरांना मिळून एकच वायफाय आहे. संध्याकाळी सगळे एकदम बघायला बसले की प्रत्येकाच्या मोबाईलवर नुसतं चाक फिरतं. समोरचे काका मुळा नदीच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला पाण्याची पाळी कधी, ते ठरवायचे; पाणी चोरणाऱ्याची पाळी बंद करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमचं वायफाय ताब्यात घेतलं. दारोदार सांगत फिरायचे, "क्लॅरिटी कमी करा. धुरकट बघा, पन शेवटच्या घराला पोचू द्या."

त्या शेवटच्या घरातल्या वहिनींच्या मुलाची फौजेतली परेड लाईव्ह होती. काकांनी बाकी सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. तरी ऐन सॅल्यूटला वहिनींच्या मोबाईलवर पोरगा अर्ध्यावर थिजला.

"कोन चोरतंय रं?" काका गरजले. गल्ली चिडीचूप झाली, आणि त्यांच्याच खिशातून कुस्तीची कॉमेंट्री ऐकू आली.

त्यांनी मोबाईल बंद केला. पोराचा हात कपाळाला लागला.

"चोराच्या दोन पाळ्या बंद," म्हणत काकांनी मोबाईल वहिनींकडे जमा केला.

पुढचे दोन दिवस ते माझ्या ओट्यावर बसून माझ्याच मोबाईलमध्ये कुस्त्या बघत होते. चित्र जरा स्वच्छ दिसलं की दटावायचे, "धुरकट लाव की."